दुर्बीणसरांना चकवणारा पोकळ विषाणू

आधीच सांगून ठेवते, फ्लूच्या विषाणूची माझ्याइतकी हुबेहूब नक्कल आजवर कुणी केली नसेल! बाहेरून सगळे काटे जिथल्या तिथे, आत मात्र ठणठण गोपाळ. रोग पसरवणारा मालच नाही! शरीर फसतं, लढायची तालीम करतं आणि पुढे खरा फ्लू आला की त्याला दारातच अडवतं. अशी आमची लस.

"तीन वर्षं खपून पोकळ गोळा केलास?" सासूबाईंनी विचारलं.

"पोकळ आहे हीच तर गंमत, आई!"

"बरं बाई," म्हणत त्यांनी विषय बदलला.

शुक्रवारी प्रकल्पाला पैसे देणारी समिती येणार होती. लसीचे कण दाखवा, नाहीतर प्रकल्पाला टाळं! आणि गुरुवारी सकाळी मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसले. गोल, काटेरी, देखणे! फोटो आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांसमोर ठेवून मी शाबासकीची वाट बघत उभी राहिले. सरांना आम्ही त्यांच्या पाठीमागे 'दुर्बीण' म्हणतो. तीस वर्षं ते फ्लूचे विषाणूच बघताहेत.

सरांचा चेहरा पांढराफटक!

"हा खरा विषाणू आहे! बाई, तुम्ही प्रयोगशाळेत फ्लू घुसवलात!"

"सर, तो आपलाच..."

"तीस वर्षं बघतोय मी! मला शिकवता?"

नेमकी तेव्हाच मला शिंक आली. धुळीची हो! पण ऐकतो कोण? प्रयोगशाळेची सुरक्षा बघणाऱ्या ताईंनी भोंगा वाजवला. "संशयित माल नष्ट करा!" सर ओरडले. नियम म्हणजे नियम. डोळे पुसत मी माझ्या लाडक्या बाटलीत ब्लीच ओतलं आणि मास्क लावून सगळ्यांबरोबर पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले. माझ्याभोवती तीन गाड्या मावतील एवढी जागा मोकळी होती.

तपासणीसाठी एक थेंब तेवढा आधीच गेला होता. दुपारी ताई कागद नाचवत आल्या.

"विषाणूच्या जनुकांचा मागमूस नाही! नक्कलच आहे!"

सरांनी कागद दोनदा वाचला आणि सगळ्यांदेखत मला हात जोडले.

"बाई, मला असं कुणी फसवलं नव्हतं!"

टाळ्यांचा कडकडाट! मी तर चक्क रडले. शुक्रवारी सरांनी समितीला स्वतःच्या फजितीची गोष्ट रंगवून सांगितली. दुर्बीण फसली, याहून मोठा दाखला कुठला? प्रकल्पाला आणखी एक वर्ष मिळालं!

"वा! आता ती बाटली बघू तरी," अध्यक्ष म्हणाले.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

तर सध्या मी ती लस नव्याने बनवते आहे. ब्लीचच्या कपाटाची किल्ली सरांनी स्वतःकडे ठेवली आहे.