बर्वेकाकांची किल्ली

बर्वेकाकांना कुणी काहीही करायला सांगितलं, की एकच उत्तर येतं : "कुणाच्या हुकमानं?" ऑटोवाल्यानं सरकून बसायला सांगितलं तरी तेच, फक्त हिंदीत. खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये हयात गेली त्यांची. लोकांची खोकी उघडायला लावणारा हा माणूस स्वतःचं झाकण मात्र कुणाला उघडू देत नाही.

परवा बिनसाखरेच्या चहाचा कप त्यांच्या हातातून सुटला. हात जरा वेळ बधिर. डॉक्टर म्हणाले, मानेतल्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय करा, कुठे तुंबल्या असतील तर मोठा झटका येण्याआधी कळेल. इथे बंगालात, आमच्या बेहाला उपनगरात, काकांचं कुणी नाही, म्हणून वरच्या मजल्यावरची मी सोबत गेले.

तपासणीची आखणी करणारी मुलगी बंगाली होती. "दादू, छाती से सिर तक नसों का फोटो लेंगे. आपकी किडनी कमज़ोर है, तो बिना इंजेक्शन के. टाइम लगेगा, हिलना मत."

"किसके हुकुम से?"

"मशीन के," ती म्हणाली. काकांनी चपला काढल्या. मला ती पोरगी फार आवडली.

मग तिनं अंगावरचं धातूचं सगळं काढायला सांगितलं. घड्याळ निघालं, चष्मा निघाला. जानव्यातली लोखंडी किल्ली मात्र काकांनी मुठीत धरली आणि मला सांगितलं, "ही निघणार नाही. राहू दे तुमचा फोटो." आणि ते चपला घालू लागले.

मी चिडले. "एका किल्लीपायी मरायचंय का, काका?"

"मालतीच्या फडताळाची आहे," ते हळूच म्हणाले. काकू जाऊन दोन वर्षं झाली. "माझ्या नसा तुंबतील म्हणून साखर-तूप कुलपात ठेवायची. ही कायम तिच्या कमरेला."

माझा राग कुठच्या कुठे गेला. "मग काकूंची मेहनत फळली का, ते तरी बघू या."

काकांनी चपला पुन्हा काढल्या. मग किल्ली सोडवून माझ्या हातावर ठेवली. "पर्समध्ये टाकू नकोस. कमरेला खोच."

मी खोचली. "काका, ते फडताळ एकदाही उघडलं नाहीत?"

"कुणाच्या हुकमानं?" म्हणाले, आणि आत गेले.