लेकीच्या गाडीमागे

आपल्या घरात अपघात होणार नाही, हे बाबांनी फक्त लिहून द्यायचं बाकी ठेवलं होतं.

वीस वर्षं ते विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासत होते. उन्हाळ्याची सुट्टी लागली की चेपलेल्या बंपरांना बहर यायचा, आणि प्रत्येक फाइलीत तेच: वय अठरा, गाडीत चार मित्र, हातात फोन. यंदा त्यांच्या लेकीलाच अठरा पूर्ण झाली. लायसन्स आलं, आणि तिला पोहण्याच्या तलावावर गाडी घेऊन जायचं होतं.

"मैत्रीण एकच. गाणी नाहीत. दोघींचे फोन डिकीत," बाबा म्हणाले. "आणि गाडीला एक ओरखडा जरी आला, तर सुट्टीभर किल्ली माझ्याकडे."

"श्वास घेतला तर चालेल?"

"घे. पण समोर बघून."

मैत्रिणीला घ्यायला गाडी कोपऱ्यावर वळली आणि बाबांच्या मनातलं जातं फिरू लागलं. एकेक काळजी घालायची, बारीक दळायची. दहा मिनिटांनी त्यांनी तिला फोन लावला. उचलला नाही. सातव्यांदाही नुसती रिंग गेली, तेव्हा त्यांना घाम फुटला. वीस वर्षांतल्या सगळ्या फाइली डोळ्यांपुढून गेल्या. फोन डिकीत ठेवायला आपणच सांगितलंय, तेवढं मात्र आठवलं नाही.

"अहो, हेल्मेट घालून कुठे निघालात?" आईने विचारलं.

"दूध आणतो."

"दूध सकाळीच आलंय."

पण तोवर स्कूटर फाटकाबाहेर गेली होती.

हेल्मेट आणि कान यांच्यामध्ये फोन खुपसून बाबा आठव्यांदा रिंग ऐकत होते. चौकाजवळ त्यांच्या लक्षात आलं, की तीच रिंग पुढच्या गाडीच्या डिकीतूनही येतेय. ती गाडी लाल सिग्नलला थांबलेली आहे, हे एक क्षण उशिरा लक्षात आलं.

लेक धावत उतरली. "बाबा? लागलं का?"

गुडघा खरचटला होता. डिकी मात्र अशी चेपली होती, की उघडेना.

"काका," मैत्रीण हळूच म्हणाली, "आत अजून तुमचाच फोन वाजतोय."

स्कूटर सुरू होईना, म्हणून ती जवळच्या गॅरेजात ठेवली आणि बाबा गाडीत मागे बसले. लेक गाडी चालवू लागली, तेवढ्यात आईचा फोन आला.

"कुठे आहात? पोरगी ठीक आहे ना?"

"ठीक आहे. गाडीची डिकी जरा चेपलीय."

"वाटलंच मला. आधी तिच्याकडून किल्ली काढून घ्या."

आईचा आवाज लेकीपर्यंत पोचला. आरशात तिचे डोळे दिसले, तेवढेच.

"तिची चूक नाही," बाबा म्हणाले. "ती सिग्नलला उभी होती. मागून एकाने ठोकलं."

"असेल कुणीतरी अठरा वर्षांचं कार्टं."

"पन्नाशीचा आहे."

"एवढा घोडा झाला, तरी अक्कल नाही. पळाला असेल ना?"

"नाही," बाबा पट्टा ओढत म्हणाले. "आपल्याच गाडीत बसलाय. मागच्या सीटवर."