पिंपळावर टांगलेले काका

"माझ्या घरातून एक साल, एक टरफल, एक काडी जरी बाहेर पडली ना, तर ही मिशी उतरवून देईन!"

भोपाळच्या पारिजात एन्क्लेव्हच्या सर्वसाधारण सभेत अच्युत चिंचाळकर उभा राहून हे म्हणाला, तेव्हा त्याला कुणी काहीही विचारलेलं नव्हतं. चर्चा चालली होती पाण्याच्या टाकीची. पण अच्युत सरकारी खात्यात होता आणि विषय सोडून बोलण्याचा त्याला दांडगा अनुभव होता.

मिशी मात्र खरोखर पणाला लावण्याजोगी होती. दोन्ही टोकं वर वळलेली, तेल पिऊन चकाकणारी. अख्ख्या कोलार रोडवर इतकी देखभाल दुसऱ्या कशाचीच होत नव्हती. रस्त्याची तर नव्हतीच.

आणि दावाही अगदीच पोकळ नव्हता. कचऱ्याचे नियम कॉलनीत सगळ्यांना पाठ होते. ओला वेगळा, सुका वेगळा, डायपर वगैरे वेगळे, जुने सेल आणि मुदत संपलेल्या गोळ्या वेगळ्या. मंडळी नियम पाळायचीही. चारही प्रकार एकाच पिशवीत कोंबून पिशवीला चार गाठी मारायची! चिंचाळकरांचं तसं नव्हतं. बाल्कनीत खत करायची तीन मजली मडकी होती. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर शाळेच्या गणवेशाशेजारी वाळत असायच्या. आणि श्रीखंडाचा डबा त्या घरात कधी मरतच नसे, नुसता जन्म बदलत असे. या जन्मी डाळ, पुढच्या जन्मी बटणं, आणि फारच पुण्य असेल तर कढीपत्त्याचं रोप.

कॉलनीचे अध्यक्ष सक्सेनाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून काहीतरी उद्घाटन करायला तरसत होते. त्यांनी आठवड्यात हिरवी पाटी करवून आणली, 'शून्य अपशिष्ट गृह', म्हणजे कचरा नसलेलं घर, आणि नारळ फोडून चिंचाळकरांच्या दारावर ठोकली. (नारळाची करवंटी अच्युतनं खिशात घातली. टाळ्या!) कचरागाडीच्या ड्रायव्हरला तंबी मिळाली की या घरापुढे थांबायचं नाही. तेव्हापासून गाडी आपलं गाणं वाजवत यायची आणि चिंचाळकरांच्या दारासमोरून, माजी प्रेयसीच्या घरासमोरून जावं तशी, वेग वाढवून निघून जायची.

एवढ्यावर शहाण्या माणसानं थांबावं. अच्युतनं आणखी एक ठराव मंजूर करवून घेतला. कॉलनीतून कुणी कचरा बाहेर नेऊन शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर फेकू नये म्हणून गेटवर गार्डनं प्रत्येक पिशवी उघडून बघायची!

मग आला मे महिना, आणि मे महिन्याबरोबर नागपूरहून आल्या सासूबाई, लीलाबाई. त्यांच्याबरोबर आंबे. किती, ते विचारू नका. हमाल जिना दोनदा चढला आणि तिसऱ्यांदा चढायला नाही म्हणाला.

"जावईबापू, बैंगनपल्ली आहेत. सगळे एकदमच पिकलेत. थांबण्यातले नाहीत हो."

"आई, पण एवढे?"

"एवढे कुठले! रस केला की बसतो एवढासा."

रस झाला. अयोध्या नगरहून अच्युतच्या बायकोची, मंजूषाची, चुलत भावंडं आपापल्या कुटुंबांसह रस खायला आली, पुन्हा आली, मग सांगितल्याशिवाय आली. रस खरंच एवढासा झाला. साली आणि कोयी मात्र एवढाल्या! खताची मडकी गळ्यापर्यंत भरली. झाकण ठेवलं की आपोआप वर यायचं, जणू कुणीतरी आतून 'पुरे' म्हणतंय. चिलटांनी बाल्कनीत वसाहत केली. वास असा, की दोरीवरच्या दुधाच्या पिशव्यांनी तोंड फिरवलं.

"आई," अच्युत शेवटी म्हणाला, "पुढच्या वेळी रस नागपुरातच काढून आणा. हा कचरा तिकडेच राहू दे."

लीलाबाईंचा हात पुरीवर थबकला. "माझ्या आंब्यांना कचरा म्हणाले," त्या मंजूषाला म्हणाल्या आणि उरलेला दिवस जावयाशी भिंतीमार्फत बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अच्युत गुपचूप कचरागाडीमागे धावला. ड्रायव्हर हसायलाच लागला. "क्या सर, मज़ाक कर रहे हो! आपका तो शून्य है. अध्यक्षजी ने बोला है, इनके घर से कुछ निकले तो सीधे मुझे फोन करना." आणि खिशातून फोन काढू लागला. अच्युत व्यायामासाठी धावत असल्यासारखा पुढे धावत गेला.

"सगळे देतात तसा दे की कचरा," मंजूषा म्हणाली. "जीव जाणार आहे का?"

"मिशी जाईल!"

मंजूषानं मिशीकडे निवांत पाहिलं. "तिच्याशिवाय तू कसा दिसतोस ते मीही नाही पाहिलं अजून."

अशा घरात माणसाला आधार तो कुणाचा! अच्युतनं स्वतःच डोकं चालवलं. कचरा टी. टी. नगरच्या ऑफिसात न्यायचा. सरकारी इमारतीत कचरा नेमका कुणाचा हे ठरवायलाच समिती नेमावी लागते, तोवर आंब्याचे दिवस संपतात. प्रश्न गेटचा. पण भोपाळ असो की नागपूर, देवाचं म्हटलं की कुणी उघडून बघत नाही! त्यानं खताचं एक मडकं घेतलं, त्यात साली-कोयी दाबून भरल्या, तोंडावर लाल फडकं बांधलं. कुणी विचारलं तर सांगायचं, निर्माल्य आहे. सोज्ज्वळ दिसावं म्हणून स्वतः पांढरा कुडता-पायजमा घातला आणि मडकं दोन्ही हातांनी छातीशी धरून, मान खाली घालून निघाला. मान खाली घातली होती ती वासामुळे.

गेटवर गार्ड उठून उभा राहिला आणि त्यानं टोपी काढली. अच्युतला त्याच वेळी शंका यायला हवी होती.

समोरून सक्सेनाजी फिरून येत होते. मडकं पाहून ते जागच्या जागी थांबले. हात जोडले.

"अरे... कौन?"

'काय' या प्रश्नाचं उत्तर अच्युतनं घोकलं होतं. 'कोण' हा प्रश्न अभ्यासक्रमातच नव्हता!

"काका," तो म्हणाला. सरकारी नोकराला ऐनवेळी नातलगच सुचतो. रजेच्या अर्जांनी जिभेला तसं वळण लागलेलं असतं.

"नागपुर वाले?"

"हां जी. बालबच्चे नहीं थे. सब मैंने ही..." पुढे काय म्हणावं ते न सुचून त्यानं हुंदका दिला. तोही वासामुळेच.

"और आपने बताया तक नहीं!" सक्सेनाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अकेले लेकर चल दिए? अस्थियाँ, और बस से? हम मर गए हैं क्या? और आज तो पंचक है भाई, आज अस्थि पानी में नहीं सिराते. परसों चलेंगे नर्मदाजी. पूरी कॉलनी चलेगी. मैं बस करता हूँ!"

"नहीं नहीं, बस नको... मैं घर पे रख देता हूँ तब तक..."

"घर के अंदर? अस्थि-कलश? पढ़े-लिखे आदमी हो!"

गार्डनं दोरी आणली. पाच मिनिटांत लीलाबाईंच्या बैंगनपल्लीच्या साली कॉलनीच्या पिंपळावर टांगल्या गेल्या आणि खाली उदबत्ती लागली. येणारे-जाणारे चपला काढून नमस्कार करू लागले.

अच्युत घरी पोचायच्या आधी ग्रुपवर 'ॐ शांति' पोचलं होतं. दुपारपर्यंत कॉलनी लोटली. भोपाळच्या माणसाला शेजाऱ्याचं दुःख अजिबात बघवत नाही, तो लगेच खायला घेऊन येतो! खिचडी आली, कढी आली, पाण्याच्या छोट्या बाटल्या आल्या, कागदी कप, पत्रावळी, चमचे. काकांचा फोटो नव्हता म्हणून हार अच्युतच्या सासऱ्यांच्या फोटोला घालण्यात आले. सासरे नागपुरात धडधाकट होते. मंडळींनी दुःख वाटून घेतलं आणि कप-पत्रावळी तिथेच ठेवून गेली. शून्य कचऱ्याच्या घरात बसायला जागा उरली नाही.

सक्सेनाजींच्या पत्नी निर्मलाभाभींनी लीलाबाईंचा हात हातात घेतला. "काकाजी को हुआ क्या था?"

"कोणते काका?" लीलाबाई म्हणाल्या.

मंजूषानं आईला ओढत स्वयंपाकघरात नेलं. आतून थोडी कुजबुज ऐकू आली. मग लीलाबाई डोळ्यांना पदर लावून बाहेर आल्या. खांदे हलत होते. जावयाला जे दिसलं ते रडणं नव्हतं.

"बहोत भले थे जी," त्या निर्मलाभाभींना म्हणाल्या. "लेकिन एक बात मेरे को खटकती है. जावईबापूंनी अग्नी दिला, सगळं यथासांग केलं, और मिशी तशीच? हमारे में तो पहले मिशी निकालते हैं!"

खोलीतली प्रत्येक नजर अच्युतच्या ओठावर येऊन थांबली.

"आमच्यात तेराव्याला काढतात!" अच्युत ओरडला.

"कोण सांगतं? पहिल्याच दिवशी! तुमच्या आईला फोन लावू का?"

सक्सेनाजींनी फोन लावला, पण न्हाव्याला.

न्हावी पेटी घेऊन हजर झाला. डोक्याचं काम निसर्गानंच बरंचसं उरकून ठेवलं होतं, त्यामुळे सगळा वेळ मिशीला मिळाला. न हरलेल्या पैजेत, न मेलेल्या काकांसाठी, कोलार रोडचं वैभव दोन फटकाऱ्यांत वर्तमानपत्रावर पडलं. निर्मलाभाभींनी डोळे पुसले.

मंडळी गेल्यावर मंजूषा तो कागद घेऊन अच्युतसमोर उभी राहिली. "हे कुठे टाकू? आपल्या घरातून तर कचरा बाहेर जात नाही."

मिशी श्रीखंडाच्या डब्यात गेली.

पण अच्युतनं उघड्या ओठावरून हात फिरवत स्वतःची समजूत घातली. मिशी काय, वाढेल. इज्जत वाचली! नर्मदेवर गर्दीत कुठेतरी मडकं हळूच बाजूला ठेवता येईल, कुणाला कळतंय!

ठरलेल्या सकाळी पिंपळाखाली अख्खी कॉलनी पांढऱ्या कपड्यांत जमली. बस उभी होती. पण भोपाळच्या मे महिन्यात मडकं उन्हात टांगून ठेवलं की आतल्या मालाचं काय होतं, हे अच्युतच्या लक्षात आलं नव्हतं. लाल फडकं पुरीसारखं टम्म फुगलं होतं. अधूनमधून आतून 'बुडुक' असा आवाज यायचा. गोडसर, आंबूस दरवळ सुटला होता.

"कैसी दिव्य सुगंध है," एक आजोबा म्हणाले. "पुण्यात्मा थे."

सक्सेनाजी भाषणाला उभे राहिले. एवढी माणसं नर्मदेत आंब्याच्या सालींना हात जोडणार! अच्युतनं सक्सेनाजींचा कुडता ओढला. "मुझे कुछ बताना है."

"बहने दीजिए, चिंचालकर जी. भावनाओं को बहने दीजिए," म्हणत सक्सेनाजींनी त्याचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं.

आणि कलियासोत नदीच्या बाजूनं, गच्च्या ओलांडत, लंगूर आला.

चांगला थोराड, काळ्या तोंडाचा. पिंपळावर चढला, मडक्याशेजारी बसला आणि ज्या सफाईनं त्यानं गाठ सोडली तशी अच्युतला बांधतानाही जमली नव्हती.

"हनुमानजी!" निर्मलाभाभी किंचाळल्या. "काकाजी को लेने आए हैं!"

कॉलनी गुडघ्यांवर आली. शंख फुंकला गेला. हनुमानजींनी मडक्यात हात घातला, काकांचा एक भाग बाहेर काढला, हुंगला आणि चोखू लागले.

शंख बंद पडला.

पहिली कोय सक्सेनाजींच्या टकलावर पडली. दुसरी आजोबांच्या मांडीवर. मग सालींचा पाऊसच! सक्सेनाजींनी डोक्यावरची कोय काढून हातात धरली, उलटी केली, सुलटी केली.

"चिंचालकर जी," ते अतिशय हळू म्हणाले, "काकाजी की... गुठली?"

मागून लीलाबाईंचा आवाज आला. जावयाचं काही का होईना, मालाबद्दल गैरसमज त्यांना चालणार नव्हता.

"बैंगनपल्ली है जी. मैंने लाए थे. इकडे असे मिळत नाहीत."

मग जो गदारोळ झाला! "कचरा! कचरा निकला!" "शून्य वाले के घर से!" आणि पाठोपाठ, एका सुरात, "मूँछ! मूँछ!" सगळे अच्युतकडे वळले, आणि थबकले.

ओठ गुळगुळीत होता.

अच्युतला या गोंधळात प्रथमच हसू फुटलं. "वो तो गई!" तो जवळजवळ नाचतच म्हणाला. "परसोंच गई! तुम्हीच तर न्हावी बोलावला! हिशोब चुकता!"

मुद्दा बिनतोड होता. पण सक्सेनाजींनी पाटबंधारे खात्यात उगाच जन्म घालवला नव्हता.

"नहीं, चिंचालकर जी," ते टक्कल पुसत म्हणाले. "वो मूँछ काकाजी के मद में, उनके खाते में गई. शर्त का मद अलग है. एक मद का खर्चा दूसरे मद में नहीं दिखा सकते. आप तो खुद सरकारी आदमी हैं."

अच्युतचा चेहरा उतरला. नियम बरोबर होता! याच नियमावर बोट ठेवून त्यानं स्वतः कितीतरी फायली परत पाठवल्या होत्या.

ठराव तिथेच, आवाजी मतदानानं मंजूर झाला. अच्युतनं नवी मिशी वाढवायची, ती पूर्वीच्या मापाची झाल्याची अध्यक्षांनी खात्री करायची, आणि मग ती भर सभेत उतरवायची. हिरवी पाटी काढून पिंपळावर ठोकण्यात आली, कारण लंगूरानं मडक्यात खरोखरच काही शिल्लक ठेवलं नव्हतं. बस आलेलीच होती, तेव्हा सगळे नर्मदेवर जाऊन आंघोळ करून, भजी खाऊन आले. अच्युतलाही नेलं. पत्रावळी गोळा करायला.

सध्या अच्युत मिशी वाढवतोय. तेल लावतोय, टोकांना पीळ देतोय, बोकडाला चारा घालावा तसा! सक्सेनाजी रोज सकाळी बाल्कनीखालून विचारतात, "कहाँ तक आई?" आणि सोबत फिरणारे चार जण मान वर करून अंदाज घेतात.

काल नागपूरहून सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, मिशी झाली की आधी कळवा हो. समारंभाला मी येणार आहे." मग आवाज मायेनं मऊ झाला. "आणि रिकाम्या हातानं नाही यायची. धाकट्या लेकीच्या परसात यंदा फणस फार लागलेत!"