एस्तरमावशींचे खड्डे

वाळूत खड्डा दिसला की एस्तरमावशी तो बुजवतात. पनवेलजवळ सुकापूरला आमच्या सोसायटीच्या बागेत मुलांसाठी वाळू टाकली आहे. मुलं दुपारी खणतात, मावशी संध्याकाळी फावडं घेऊन उतरतात. "पिल्लू अडकेल ना!" म्हणतात. पिल्लू म्हणजे समुद्री कासवाचं.

मावशी माझ्या शेजारी एकट्या राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त. मूळच्या अलिबागकडच्या बेने इस्रायल ज्यू. मुलगी इस्रायलला असते. चार वर्षं झाली, दर उन्हाळ्यात त्या स्वखर्चाने ग्रीसला जातात आणि पर्यटकांनी किनाऱ्यावर खणलेले खड्डे बुजवतात. नाहीतर अंड्यातून निघालेली पिल्लं समुद्राकडे जाताना त्यांत पडतात. "खड्डे बुजवायला परदेशी कशाला? पनवेलात कमी आहेत?" हा विनोद मी पहिल्या वर्षी केला. अजून तोच करतो.

माझं स्वतःचं पर्यावरणकार्य म्हणजे संपादकांना पत्रं. एक छापून आलं, कासवांचा परिच्छेद जागेअभावी गाळून.

समोर भोईरशेठ इमारत बांधतायत. त्यांच्या वाळूच्या ढिगावरही मावशी फावडं घेऊन चढल्या.

"ओ मावशी, हितं कासव नाय येत! हितं ट्रक येतो!"

"तिकडेही आधी कासवंच येत होती, शेठ. मग हॉटेलं आली."

शेठ ट्रककडे वळले. वाळू मात्र झाकली नाही.

यंदा एका शुक्रवारी दुपारी मावशी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आल्या. "ग्रीसच्या अर्जाची उद्या शेवटची तारीख. आज सूर्यास्तालाच शब्बाथ लागतो, उद्याही मी कामाला हात लावत नाही. दिवे लावायच्या आत पाठवायचाय. सत्तरीनंतर घेत नाहीत रे, माझं हे शेवटचं वर्ष. तुझं इंग्रजी चांगलं."

एवढी स्तुती पुरली. 'तुम्हाला का यायचं आहे?' याखाली मावशींनी एकच ओळ लिहिली होती: खड्डे बुजवायला. मी तिचा परिच्छेद केला, त्यात 'जैवविविधता' तीनदा घातली. मावशींनी वाचला आणि पुसायला लावला. बाकीच्या उत्तरांच्या स्वल्पविरामांत तासभर गेला.

शेवटचा रकाना रिकामा होता. काही झालं तर कोणाला कळवायचं?

"मुलीचं नाव टाकू?"

"दरवर्षी तिचंच होतं. आता म्हणतात, राहत्या गावातलं कोणी हवं."

"मग इथलं?"

"पुष्कळ होती रे आमची माणसं. एकेक करून इस्रायलला गेली. काही वर गेली." मग म्हणाल्या, "तुझं टाकलं तर? विनोद केलास तरी चालेल."

मी नाव, नंबर टाकला. पुढे विचारलं होतं, नातं काय? इतकी पत्रं लिहिणाऱ्या मला एक शब्द सुचेना.

"भाऊ लिही," मावशी म्हणाल्या. "आणि लवकर. ऊन उतरलं."

अर्ज गेला. मावशी दिवे लावायला गेल्या.

शनिवारी संध्याकाळी गॅलरीत चहा पीत होतो. बागेत गुडघाभर खोल खड्डा होता आणि मावशी आज उतरणार नव्हत्या. त्यांचं फावडं जिन्याखाली असतं. आजूबाजूला कोणी नाही असं बघूनच मी ते उचललं.

"ओ सर!" कुंपणापलीकडून भोईरशेठ ओरडले. "हितं कासव नाय येत!"

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि वाळू ओढत राहिलो.