टोपी घालून कमेंट

आमचे मारुतीआप्पा टोपी घातल्याशिवाय कमेंट टाकत नाहीत.

ही थट्टा नाही. मोबाईलवर उमेदवारांच्या चर्चेचं लाइव्ह सुरू झालं, की आप्पा आधी खुंटीवरची पांढरी टोपी काढतात, झटकतात, डोक्यावर नीट बसवतात आणि उभे राहतात. मग उजव्या हाताच्या एका बोटानं टाईप करायला लागतात. मी एकदा विचारलं, "आप्पा, बसून लिहा की. कोण बघतंय?"

"चार हजार माणूस बघालंय म्हणून वर लिवलंय न्हवं?" आप्पा म्हणाले. "एवढ्या सभेत बोडक्यानं बोलू? आणि बसून? आमच्यात तशी रीत न्हाय."

त्यामुळं त्यांची प्रत्येक कमेंट 'सन्माननीय सभाध्यक्ष आणि जमलेल्या बंधू-भगिनींनो' अशी सुरू होते. शेवटी 'एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो' असतं. मधले दोन शब्द साधारण दोन पानं भरतात. आणि एका बोटाचा वेग तो काय असणार? त्यामुळं आप्पांनी पाण्याच्या प्रश्नावर दिलेलं खणखणीत उत्तर, उमेदवार रस्त्यावर बोलत असताना पडतं. रस्त्यावरचं उत्तर आभारप्रदर्शनात.

आप्पांची उभी हयात बेळगावात लोखंड ओतायच्या फौंड्रीत गेली. तिथल्या खणखणाटानं एक कान गेला, म्हणून लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणतात. मी त्यांच्या शेजारी राहतो. पिरनवाडीत घर बांधून मला दोन वर्षं झाली, आणि निवडणुकीच्या दिवसांत मी लाइव्ह कधी लावलं नाही. भिंतीपलीकडून फुकट ऐकू येतं. झोपमोड होते ती वेगळी, पण ते बोलायचं कुणाला?

आमच्या उमेदवाराचे बाकीचे समर्थक कमेंट टाकतात म्हणजे काय करतात? 'भाऊच येणार.' 'फिक्स.' नाहीतर नुसती जाळाची चित्रं, ओळीनं दहा-दहा. पहिल्यांदा तो जाळ बघून आप्पा घाबरले होते. त्यांनी खाली लिहिलं, 'आग कुठं लागली ते स्पष्ट सांगावं, बंब बोलवता येईल.' त्यावर आमच्याच बाजूच्या पोरांनी त्यांना हसणारी तोंडं पाठवली. आप्पांनी त्या तोंडांना उद्देशून लिहिलं, 'दात काय दाखवता? मुद्द्याचं बोला.'

'मुद्द्याचं बोला' हा त्यांचा मंत्र. आणि सगळ्या त्या गर्दीत मुद्द्याचं बोलणारा एकच होता. तोही विरोधी पक्षाचा.

त्याच्या खात्याचं नाव 'सरळ माणूस'. फोटोत एक बैल. आपला भाग कुणाचा, पोरांनी कुठल्या भाषेत शिकावं, आमचा उमेदवार किती पाण्यात, या सगळ्यावर आप्पा दोन पानं लिहायचे आणि सरळ माणूस दोन ओळींत त्यांची हवा काढायचा. आप्पांनी एकदा फार जोरात भाषण ठोकलं, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी याचं उत्तर आलं, 'आप्पा, तुझं डोकं म्हणजे बिघडलेलं कास्टिंग. बाहेरनं चकचकीत, आत भोक.' आणि शेवटी नेहमीचं कानडी शेपूट, 'होगली बिड.' म्हणजे जाऊ दे, सोड.

मला वाटलं, आता आप्पा पेटणार. रात्री भिंतीपलीकडून हसू ऐकू आलं. चांगलं पोट धरून हसल्याचं.

वाद असा रोज व्हायचा आणि आप्पा रोज हरायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तांब्यात दूध घेऊन मागच्या गल्लीत गौराक्कांकडं जायचे, चहा पिऊन यायचे आणि पुन्हा टोपी घालून उभे. गौराक्का एकट्या राहतात. त्यांचे मालक बसाप्पा आप्पांबरोबर फौंड्रीत होते, मी इथं यायच्या थोडं आधी वारले. आप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्यात. आप्पा त्याला काही पाठवतात आणि तो अंगठा पाठवतो.

आता आमच्या पक्षाचं सांगतो. आमच्या बाजूचा समर्थकांचा ग्रुप आहे, त्याचा ॲडमिन सुनील. कोपऱ्यावर त्याचं झेरॉक्सचं दुकान. फ्लेक्सवर तो 'युवा नेते' असतो, दुकानात कागद अडकला की घामाघूम. या सुनीलला सरळ माणूस फार झोंबायला लागला. कारण उघड होतं. आमचे लोक जाळ पाठवायचे आणि लोक वाचायचे मात्र त्या बैलवाल्याच्या दोन ओळी.

सुनीलनं ग्रुपवर फर्मान काढलं. सगळ्यांनी मिळून त्या खात्याविरुद्ध तक्रार करायची. एकाच वेळी शेकडो तक्रारी गेल्या की खातं बंद पडतं. शेवटच्या मोठ्या चर्चेच्या आधी याचं तोंड बंद झालं पाहिजे.

ग्रुपवर एकट्या आप्पांनी विरोध केला. टोपी घालूनच केला असणार. 'सन्माननीय ॲडमिन, समोरचा गडी मुद्द्याचं बोलतो. त्याला बोलू द्यावं. तोंड दाबून कुस्ती होत नसते.'

झालं. एकानं विचारलं, आप्पा नक्की कुणाचे? दुसऱ्यानं लिहिलं, आप्पा फितूर. ज्याच्या जन्माच्याही आधीपासून आप्पा मोर्चात चालत आलेत, अशा येळ्ळूरच्या एका पोरानं त्यांना सीमाभागाशी गद्दारी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. माझं डोकं फिरलं. पण आप्पांनी उलटून एक शब्द लिहिला नाही. त्या रात्री भिंतीपलीकडं सामसूम होती, आणि मला मेली झोप लागेना.

सकाळी सुनील स्वतः आप्पांच्या दारात. मी दात घासत ऐकत होतो.

"आप्पा, पोरांचं मनावर घेऊ नका," तो म्हणाला. "पण तुमच्यावरचा डाग धुवायला पाहिजे. शुभारंभ तुमच्या हातनं करायचा. त्याची रोजची झुंज तुमच्याशीच, त्याची लिंक तुम्हीच ग्रुपवर टाकायची. वडीलधाऱ्याचा हात लागला की काम फत्ते होतंय."

आप्पांनी टोपी झटकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "आणि मी न्हाय टाकली तर?"

"तर मी हुडकून टाकतो. बंद तर ते होणारच."

"बरं. मग मीच टाकतो," आप्पा म्हणाले. "पर माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी टाकायची न्हाय. मान माझा."

सुनील खूश होऊन गेला. मला मात्र आप्पांचा राग आला. माणसानं एवढ्यात शेपूट घालावं?

संध्याकाळी राहुकाळ टळल्यावर झेरॉक्सच्या दुकानात कार्यक्रम झाला. आमच्याकडं बोअर मारायची असो की गाडी आणायची असो, नारळ फुटल्याशिवाय काही होत नाही. तेव्हा तक्रारीचाही नारळ फुटला. मशीनवर उदबत्ती लावली. वीस-पंचवीस कार्यकर्ते मोबाईल सरसावून उभे. आप्पा टोपी घालून मध्ये. त्यांनी एका बोटानं लिंक टाकली आणि म्हणाले, "टाकलीया बघा. आता दाबा."

सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि दाबलं. येळ्ळूरच्या पोरानं बायकोच्या आणि सासूच्या मोबाईलवरूनही दाबलं. ग्रुपवर जे घरी होते त्यांनी घरून दाबलं. 'केलं.' 'डन.' 'मी पण.' मग जाळ.

मी एका वकिलांकडं कारकून आहे. वाचल्याशिवाय मी लग्नाच्या पत्रिकेलाही हात लावत नाही, ती खोडच आहे. मी लिंक उघडली. बैल कुठं दिसेना. फोटो होता छताच्या पंख्याचा. हा पंखा मी ओळखतो. नवा मोबाईल घेतल्यावर आप्पांच्या बोटानं चुकून निघालेला पहिला फोटो तो, आणि तोच त्यांनी खात्याला लावलेला. वर मोठ्या अक्षरांत नाव होतं, मारुती पाटील, पिरनवाडी.

म्हाताऱ्यानं स्वतःचीच लिंक टाकली होती. आणि एवढ्या माणसांत एकानंही नाव वाचलं नव्हतं.

मी गर्दीतून पुढं घुसलो, आप्पांच्या चांगल्या कानाशी लागलो. "आप्पा, घोटाळा झालाय. ही तुमची लिंक आहे."

आप्पांनी माझ्याकडं बघितलंही नाही. खोबऱ्याचा तुकडा चघळत म्हणाले, "ठावं हाय मला. गप ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी आप्पांचं खातं बंद पडलं. ग्रुपवर हाहाकार. बैलवाल्याचं खातं चालूच आहे याकडं कुणाचं लक्षच गेलं नाही. 'आप्पांचा आवाज दाबला.' 'विरोधकांचं भ्याड कृत्य.' परवा ज्यांनी फितूर म्हटलं, ते आज आप्पांना लढवय्ये म्हणायला लागले. सुनीलनं दुपारपर्यंत फ्लेक्स छापून आणला. त्यात आप्पांचा टोपीतला फोटो एवढा मोठा आणि भोवती एवढी फुलं, की जाणारे-येणारे थांबून विचारायचे, कधी गेले म्हणून. येळ्ळूरचं पोरगं तर निषेधाच्या घोषणा देऊन घसा बसवून आलं. सासूच्या वतीनंही निषेध त्यानं नोंदवला असेल.

मला हसू येत होतं, पण आप्पांनी असं का केलं ते कळत नव्हतं. शेवटच्या चर्चेची वेळ झाली, तसा मी आप्पांकडं गेलो. दाराला कडी. मग मागच्या गल्लीत गेलो.

गौराक्कांचं दार उघडं होतं. सोप्यात बसाप्पांची वेताची खुर्ची, वर त्यांचा हार घातलेला फोटो. त्या फोटोतल्या माणसानं एका बैलाच्या गळ्यात हात टाकला होता. तो बैल मी कुठंही ओळखला असता. खुर्चीत आप्पा बसलेले. डोकं बोडकं, टोपी मांडीवर, डोळ्यांवर दुसऱ्याच कुणाचा तरी जाड काचांचा चष्मा. हातात मोबाईल, तोही त्यांचा नव्हे. गौराक्का खाली बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या.

"असं नाही म्हणायचे ते," गौराक्का म्हणत होत्या. "ते एवढं लांबण लावायचे नाहीत. खोडा ते."

आप्पांनी मला बघितलं. लपवाछपवी काही केली नाही. "ये, बस," म्हणाले.

"आप्पा, म्हणजे सरळ माणूस तुम्हीच?"

"मी कशाला? सरळ माणूस बसाप्पा. मी निस्ता त्याचा अंगठा."

मग त्यांनी सांगितलं. फौंड्रीत दोघं एका डब्यात जेवायचे आणि जेवता जेवता भांडायचे. आप्पा मराठीतनं, बसाप्पा कानडीतनं, आणि शिव्या एकमेकांच्या भाषेतनं, नीट पोचाव्यात म्हणून. रिटायर झाल्यावर तेच भांडण देवळाच्या कट्ट्यावर. मग बसाप्पांना गळ्याचं दुखणं झालं. आवाज गेला. कट्ट्यावर येणंही थांबलं.

"तवा त्यानं हे खातं उघडलं," आप्पा म्हणाले. "अंथरुणावर पडून भांडायचा माझ्याशी. मी तिकडनं, त्यो हितनं. गेला त्या दिवशी माझी कमेंट तशीच पडून ऱ्हायली. मला म्हाईत, आता उत्तर येणार न्हाय. तरी मी रोज टोपी घालून लिवायचो. वेड लागलंतं मला."

"मला बघवेना," गौराक्का शेंगेवरून नजर न काढता म्हणाल्या. "आप्पा एकटेच बोलत होते. मग एके दिवशी आमच्या ह्यांच्या मोबाईलवरून मीच लिहिलं, होगली बिड, आप्पा."

"ते वाचलं आणि मी पायात चप्पल न घालता पळत आलतो," आप्पा म्हणाले. "तवापासनं आसं चाललंय. आक्का सांगतीया, मी दाबतो. घरी जाऊन माझं उत्तर देतो."

मी विचारलं, "मग सुनीलला खरं सांगून टाकायचं होतं. ऐकलं असतं त्यानं. स्वतःचं खातं कशाला घालवलं?"

आप्पांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"माझं गेलं तर मी नवं उघडीन," ते म्हणाले. "मी जिता हाय. त्याचं गेलं तर ते कोण उघडणार?"

मोबाईलमध्ये चर्चा सुरू झाली. आमचा उमेदवार घाम पुसत उभा राहिला, खाली जाळ पेटला. गौराक्कांनी शेंगांची परात बाजूला सारली.

"आता तुमच्या बाजूनं कोण बोलणार?" त्यांनी आप्पांना विचारलं. "आमचे हे काय एकटेच बोलत बसतील?"

आप्पांनी इकडं तिकडं बघितलं आणि मांडीवरची टोपी उचलून माझ्या डोक्यावर ठेवली. मला ती मोठी होत होती, कानावर आली.

"उभा ऱ्हा," ते म्हणाले. "मुद्द्याचं बोल."

मी उभा राहिलो. माझ्या मोबाईलवरून लिहिलं, 'सन्माननीय सभाध्यक्ष आणि जमलेल्या बंधू-भगिनींनो.' वकिलांकडं राहून शिकलेलं सगळं ओतलं, शाळांचं, पाट्यांचं, सातबाऱ्याचं, आणि दोन पानं भरल्यावर माझे दोन शब्द संपवले. चर्चा तोवर रस्त्यावर गेली होती.

गौराक्कांनी वाचलं. डोळे मिटून थोडं थांबल्या, आप्पांच्या चांगल्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाल्या. आप्पांचं बोट सावकाश चाललं. माझा मोबाईल वाजला.

'नवा गडी दिसतोस. आप्पापेक्षा भोक मोठं हाय. होगली बिड.'

गौराक्कांनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय करत होत्या ते मला नीट दिसलं नाही. मग त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आज लई दिवसांनी खुशीत आहेत बघा ते."