दोनशे मीटर पुरणात

जावई तोंडाने काही मागत नाही आणि सासरा तोंडाने काही विचारत नाही, या एका रीतीपायी दोन परदेशी घड्याळं दोन दिवस दोंडाईच्याच्या त्या घरात पाहुण्यांसारखी मुक्काम ठोकून होती, आणि मेघा त्यांच्यावर पहारा देत होती.

धोंड्याचा महिना होता. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि वाण द्यायचं. मेघाचे वडील प्रेमराज नाना मिरचीचे व्यापारी. यंदा वाणाला ललितला भारीतलं घड्याळच द्यायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं. धुळ्याचे घड्याळवाले समाधानशेठ वर्षाची मिरची नानांकडूनच नेत. साड्या पसंतीला घरी पाठवतात तशी त्यांनी दोन घड्याळं पाठवून दिली. एक लग्नाकार्यात मिरवायचं, सोनेरी, चामड्याच्या पट्ट्याचं आणि इतकं पातळ की नानांनी ते दोनदा उलटं करून "आतमधला माल कोठे शे?" म्हणून विचारलं होतं. दुसरं पोलादी, जाडजूड, निळ्या तबकडीचं, समुद्रात बुड्या मारणाऱ्यांसाठी बनवलेलं. दोंडाईच्यात बुडी मारण्याजोगं पाणी कुठे आहे, हे कुणी विचारलं नाही.

अट एकच होती. जे पसंत पडणार नाही ते आज संध्याकाळी सहाच्या आत धुळ्याला परत, काचेवरची पन्नीसुद्धा न निघता. शेठजींनी ही अट नानांना नाही, मेघाला सांगितली. "नाना विसरतील, तू विसरायची नाहीस, बेटा." मेघा म्हणून गेली, "माझी जबाबदारी, काका." तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तशीही ती काळजी करण्यात पटाईत होती. तीन वर्षांच्या मृणालीच्या वाटेत बटण, नाणं, शेंगदाणा, काहीही पडलेलं तिला दहा फुटांवरून दिसायचं. दोन्ही डबे तिने कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवले होते आणि तासातासाने ती स्टुलावर चढून ते जागेवर आहेत ना, ते पाहून येत होती.

"जवाईबापू, काय मग?" नाना सकाळी चहा पिताना म्हणाले. याहून सरळ विचारणं त्यांना शक्य नव्हतं.

"काही नको, नाना. तुमचा आशीर्वाद पुरे."

"आशीर्वाद ते शेच. पण दोन्हीमधलं..."

"कुठलंही चालेल."

आणि हाच ललित नंतर मेघाला दाराआड गाठून म्हणाला, "निळं. पण मी सांगितलं म्हणून सांगू नकोस."

"मग काय सांगू?"

"तुला आवडलं म्हणून सांग."

"मला सोनेरी आवडलंय."

"मग काहीच सांगू नकोस," असं म्हणून जळगावच्या विमा कचेरीत दिवसाला पन्नास माणसांना सल्ला देणारा ललित हताश होऊन आंघोळीला गेला.

अकरा वाजता मेघा स्टुलावर चढली. या वेळी तिने निळा डबा उघडूनच पाहिला. आत मखमली उशी होती. घड्याळ नव्हतं.

मेघाचं डोकं मात्र जागेवर होतं. तिने आधी लाल डबा, सोनेरी घड्याळाचा, काखेत घट्ट धरला. निदान हा तरी आता सोडायचा नाही. मग ती खाली उतरली आणि तिच्या मनात जे पहिलं आलं ते तिने केलं. जळगावच्या बालरोगतज्ज्ञ बाईंना फोन लावला.

"मॅडम, मृणालीने घड्याळ गिळलंय, बहुतेक."

"केवढं घड्याळ?"

"बेचाळीस मिलिमीटरचं. पोलादी पट्टा."

"मेघाताई, मृणाली आत्ता काय करतेय?"

"चिवडा खातेय."

"मग खाऊ द्या."

एवढ्यात ललित आला आणि मान खाली घालून उभा राहिला. त्याने सकाळी दोन्ही घड्याळं पाहायला खाली काढली होती. नुसती पाहायला. डबे पलंगावर राहिले. आंघोळीहून आल्यावर झाकणं लागलेलीच होती, म्हणून त्याने ते न उघडता वर ठेवून दिले.

मेघा मृणालीपुढे उकिडवी बसली. "मनू, पप्पांचं घड्याळ कुठंय गं?"

"धोंड्यात," मृणाली म्हणाली आणि चिवड्यातलं खोबरं वेचू लागली.

स्वयंपाकघरात मेघाची आई लताबाई हात पुसत थांबल्या. सकाळी नात शेजारी येऊन बसली होती, तेव्हा त्यांनी तिला कणकेचे गोळे दिले होते. तिने धोंडे वळले, लताबाईंनी ते कौतुकाने वरून लिंपून दिले आणि बाकीच्यांबरोबर उकडायला लावले. "मी म्हनू, पोरगीना हात केवढा सढळ शे," त्या पुटपुटल्या. "आजीसारखी भरी भरी पुरण भरस."

परातीत तेहेतीस धोंडे वाफाळत होते. वजनावरून ओळखावं तर लताबाईंच्या हातचा एक धोंडा दुसऱ्यासारखा नव्हता.

"फोडून बघू," ललित म्हणाला.

"निवद दावाना पहिले?" लताबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की पाच वर्षांत पहिल्यांदा त्याला आपण परके असल्यासारखं वाटलं. "धोंड्याले सुईबी लागाव नही."

भटजी येऊन नैवेद्य दाखवायला साडेबारा वाजणार होते. तोपर्यंत घड्याळ गरम पुरणात. ललितने मोबाइलवर माहिती काढली. "नाना, घाबरू नका. ते दोनशे मीटरपर्यंत चालतं."

"पाणीमा," नाना म्हणाले. "पुरणमा किती मीटर?"

त्यावर कंपनीने काही लिहिलेलं नव्हतं.

युक्ती मेघालाच सुचली. घड्याळ चालू असेल तर टिकटिक वाजत असेल. पंखे बंद झाले. फ्रिजची पिन निघाली. कुकरखालचा गॅस विझला. मग नाना, लताबाई, ललित आणि मेघा परातीभोवती मांडी घालून बसले आणि एकेक धोंडा दोन्ही हातांनी उचलून कानाला लावू लागले. गरम असल्यामुळे प्रत्येकाला कान बदलत राहावा लागत होता. मेघाचा लाल डबा काखेतच होता, त्यामुळे तिचं डोकं एका बाजूला कललेलं होतं आणि ती फार भाविक दिसत होती.

नेमक्या तेव्हा शेजारच्या बेबाबाई दारात आल्या. घरचा कर्ता, त्याची बायको, लेक आणि जावई डोळे मिटून धोंडे ऐकत बसलेले त्यांनी पाहिले. बेबाबाईंनी चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला, हळूच येऊन बसल्या आणि एक धोंडा उचलून कानाला लावला.

नानांनी डोळे आणखी घट्ट मिटून घेतले. काय सांगणार?

"कोणता मंत्र शे?" त्यांनी हलकेच विचारलं.

"नुसतं ऐकानं," नाना म्हणाले.

तेवढ्यात ललितच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. त्याने हातातला धोंडा दुसऱ्या कानाला लावून पाहिला. मग लग्न झाल्यापासून सासरवाडीत जे कधी म्हटलं नव्हतं ते तो सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "नाना, मला हा हवा."

नानांनी मान डोलावली. दोन दिवस जे कुणाला विचारता आलं नाही, त्याचं उत्तर मिळालं होतं.

भटजींनी नैवेद्य दाखवला. पाटावर बसलेल्या ललितला ओवाळलं आणि त्याच्या ताटात तो धोंडा आला. त्याने तो हलक्या हाताने फोडला. निळी तबकडी पुरणातून वर आली. दुधात धुतल्यावर ती मिनिटाचाही फरक न करता बरोबर वेळ सांगत होती. उकडलेलं घड्याळ आता परत करता येणार नव्हतं, म्हणजे पसंतीचा प्रश्नच मिटला. लाल डबा मेघाच्या काखेत सुखरूप होता. तिने दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवण केलं, डबा मांडीवर ठेवून.

बेबाबाईंना त्यांचाच धोंडा प्रसाद म्हणून मिळाला. उठता उठता त्यांनी तो पुन्हा कानाला लावला आणि त्यांचा चेहरा फुलला. "लताबाई, मना धोंडा बी बोली ऱ्हायना."

"बोलू दे, बहिनी. घर लई जा," लताबाई म्हणाल्या, आणि त्या गेल्यावर सगळे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

सव्वाचारला नाना धुळ्याला निघण्यासाठी टोपी घालून उभे राहिले. मेघाने लाल डबा त्यांच्या हाती दिला. पण जबाबदारी तिची होती, म्हणून तिने तो परत घेतला. "एकदा पन्नी बघून घेते."

आत मखमली उशी होती.

सकाळपासून ती एका रिकाम्या डब्याला जिवापाड जपत होती. ललितनेच विचारलं, "मनू, तू धोंडे किती केलेस गं?"

मृणालीने दोन बोटं वर केली. "एक पप्पांना. एक नानांना."

दाराची कडी वाजली. बेबाबाई ताटलीवर पदर झाकून उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा उतरला होता. "नाना, मना धोंडा मघाशी चांगला बोली ऱ्हायंता. जवाई उद्या येवाव शे, म्हनीसन मी जपी ठेवा. आते चूप व्हई गया. मनाकडून काही पाप ते नही ना व्हयनं?"

नानांनी तो धोंडा हातात घेतला. मग त्यांनी तो फोडला, सोनेरी घड्याळ बाहेर काढलं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि मनगटावर बांधलं. चामड्याच्या पट्ट्याला वेलचीचा वास येत होता. काचेवरची पन्नी मात्र जशीच्या तशी होती. काटे एक वाजून दहा मिनिटांवर थांबले होते.

"नाना, सहाच्या आत जायचंय," मेघा रडवेल्या आवाजात म्हणाली. "मी काकांना शब्द दिलाय."

नानांनी हात लांब धरून नव्या घड्याळात पाहिलं आणि निवांत खाली बसले.

"चिंता कसाले करस, बाई? सहाले आजून बराच टाईम शे."