वायरकाकांची खबरदारी

“आभासी स्विचमध्ये लूप होतच नाही,” हे वायरकाका कॅन्टीनमध्ये भेटेल त्याला ऐकवत. हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळणाऱ्या या गृहस्थांना ते नाव सिस्टरांनी दिलेलं. “सर्व्हरच्या पोटातला, नुसता सॉफ्टवेअरचा स्विच तो. बाहेरच्या एका पोर्टातून, म्हणजे दारातून, आलेला निरोप तो दुसऱ्या पोर्टातून परत बाहेर सोडत नाही. मग निरोप गोल फिरणार कसा?” बढाई खरी होती, हीच पंचाईत.

तीन दिवसांपूर्वी त्यांची आई वर आयसीयूत दाखल झाली, खाट नंबर पाच. नळ्या लावलेली आई बघायचा काकांना धीर होईना. म्हणून त्यांनी सर्व्हरवर एक आभासी मशीन, म्हणजे संगणकातलाच संगणक, उभं केलं आणि आईच्या ठोक्यांची हिरवी रेघ तळघरातल्या आपल्या स्क्रीनवर आणली. आज सकाळी रेघ जरा अडखळली. काकांनी मशीनला खबरदारी म्हणून दुसरा पोर्ट दिला आणि दोन्ही पोर्ट आतून जोडून टाकले. आता घरातल्यानेच दोन दारं आतून जोडली, तर बिचारा स्विच काय करणार?

निरोप गरगरू लागले. कपाटातल्या खऱ्या स्विचला आपलाच निरोप परत दारात दिसला. त्याने नियमाप्रमाणे सर्व्हरचा पोर्ट बंद केला. सर्व्हर हुशार, दुसऱ्या पोर्टावर गेला. तोही बंद झाला. देखरेखीची यंत्रणा त्याहून हुशार. सर्व्हर मेला असं समजून तिने काकांचं मशीन उचलून शेजारच्या सर्व्हरवर ठेवलं. मग तोही गेला, आणि त्याच्या मागून तिसरा. हिरवी रेघ नाहीशी झाली. आयसीयूतल्या बाराही खाटांच्या स्क्रीन याच सर्व्हरांवर चालत.

फोन वाजला. वरच्या सिस्टर होत्या.

“काका, सगळ्या स्क्रीन काळ्या झाल्यात. आम्ही एकेका खाटेपाशी बसलोय.”

“पाच नंबर कशी आहे?”

“पाच नंबरच्या आजी—”

फोनही त्याच नेटवर्कवर होता. तो तिथेच मेला.

वर धावावं तर बाराही स्क्रीन तशाच काळ्या राहणार. त्यांनी ते मशीन पुसून टाकलं आणि बंद पोर्ट एकेक करून उघडले. त्यात अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात त्यांनी आईला मनातल्या मनात तीनदा पोचवलं होतं.

मग ते जिन्याने वर धावले.

आई जागी होती. सिस्टर तिचं मनगट धरून ठोके मोजत होत्या.

“कोण गेलं?” मुलाचा चेहरा बघून आईने विचारलं.

“कोणी नाही. स्क्रीन बंद पडली होती.”

“म्हणून आलास होय.”

“आजी मघापासून बोलावत होत्या तुम्हाला,” सिस्टर म्हणाल्या. “तेच सांगत होते, तर फोन तुटला.” तेवढ्यात उशाशी रेघ उमटली. त्यांनी मनगट सोडलं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

“परत बंद पाड ते,” आई म्हणाली. “बाई अर्धा तास हात धरून बसल्या होत्या.”

काका स्टुलावर बसले. त्यांनी तिचं मनगट हातात घेतलं. नाडी नेमकी कुठे लागते, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

“जरा वर,” आई म्हणाली.